ट्रेलरची बॅटरी वाटेतच चार्ज करायची तर: सात पिनांची मूळ वायर, जाड केबल की डीसी-डीसी चार्जर?

गेल्या ऑक्टोबरात आई-बाबा पुण्याहून आले होते. डेन्व्हरहून पिकअपमागे राहायच्या सोयीचा ट्रेलर जोडून आम्ही युटामधल्या मोॲबला निघालो, आर्चेस राष्ट्रीय उद्यानातल्या डेव्हिल्स गार्डन कॅम्पग्राउंडवर. तिथे विजेची जोडणी मिळत नाही. पण साडेतीनशे मैल गाडी चालणार, सहा तास इंजिन फिरणार, तेवढ्यात ट्रेलरची बॅटरी भरलेली असेल असं मी धरून चाललो होतो. पहाटे तीनला फर्नेसचा, म्हणजे ट्रेलर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा, पंखा थांबला आणि त्यापाठोपाठ बाबांचं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं). बाहेर पारा शून्याच्या आसपास होता. उरलेली रात्र आम्ही सगळ्यांनी पिकअपमध्ये हीटर लावून काढली.

घरी आल्यावर मल्टिमीटर घेऊन बसलो आणि तीन पर्याय नीट तपासले. अमेरिकेत पिकअपमागे ट्रेलर ओढणारी बरीच मराठी कुटुंबं आता ओळखीची झाली आहेत आणि त्यांच्यातही हा प्रश्न सारखा निघतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी गरज किती ते पाहू. फर्नेसचा पंखा साधारण ७ अँपिअर खातो. थंडीच्या रात्री तो एकूण पाच तास फिरला तर ३५ अँपिअर-तास गेले. सीपॅपची हवा गरम-दमट करणारी सोय चालू असेल तर रात्रभरात आणखी पंचवीस-तीस जातात. ट्रेलरसोबत येणारी एक लेड-ॲसिड बॅटरी ७५-८० अँपिअर-तासांची असते आणि तिच्यातले निम्मेच वापरावेत, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे संध्याकाळी ती पूर्ण भरलेली असली तरी आमची रात्र निघणं अवघडच होतं. आणि ती भरलेली नव्हतीच.

का नव्हती? सात पिनांच्या प्लगमध्ये दिवे, इंडिकेटर आणि ब्रेक यांच्यासोबत एक पिन १२ व्होल्टची असते, तिच्यातून ट्रेलरची बॅटरी चार्ज होते. पहिला पर्याय हाच: आहे तसं ठेवायचं. खर्च शून्य. अडचण आहे ती वायरच्या जाडीची. अमेरिकेत वायर गेजमध्ये मोजतात आणि आकडा लहान तितकी वायर जाड. माझ्या गाडीत ती १२ गेजची निघाली, म्हणजे आपल्याकडचे वायरमन ज्याला 'स्क्वेअर एमएम' म्हणतात त्या हिशोबात सव्वातीन. बॉनेटपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत तीस फूट जायचं आणि तितकंच परत यायचं. साठ फुटांचा रोध साधारण ०.०९५ ओहम. त्यातून १० अँपिअर गेले की जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच पडतो. इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरने १४.२ व्होल्ट दिले तरी बॅटरीपाशी पोचतात १३.२. बॅटरी जसजशी भरते तसतसा तिचा स्वतःचा व्होल्टेज वर चढतो आणि प्रवाह आटत जातो. १३.८ ला ती आली की उरतात जेमतेम ४ अँपिअर. लेड-ॲसिडला पूर्ण भरायला १४.४ च्या पुढे लागतात, ते तिला या वायरीतून कधीच मिळत नाहीत.

त्यात फ्रिज १२ व्होल्टवर चालू असेल तर गणितच संपतं. गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज १२ अँपिअर सहज घेतो. तेवढ्यानेच १.१ व्होल्ट पडतो आणि बॅटरीच्या वाट्याला फारसं काही येत नाही. आमच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. सहा तास मी बॅटरी चार्ज करत नव्हतो, फ्रिज चालवत होतो.

तरीही या पर्यायाला नावं ठेवू नका. तुम्ही बहुतेक वेळा विजेची जोडणी असलेल्या ठिकाणी उतरत असाल, फ्रिज वाटेत बंद ठेवत असाल, तर ही वायर पुरते. ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारं स्विच ट्रेलरच्याच बॅटरीवर चालतं, ती जिवंत ठेवण्याचं काम ही वायर चोख करते. फक्त दोन गोष्टी बघा. काही पिकअपमध्ये या पिनेचा फ्यूज किंवा रिले (विजेने आपोआप चालू-बंद होणारं स्विच) कारखान्यातून बसवलेलाच नसतो. आणि काही गाड्यांत ही पिन किल्ली बंद केल्यावरही चालू राहते. तशी गाडी असेल तर जेवायला थांबल्यावर फ्रिज तुमच्या इंजिनाची बॅटरीही उतरवतो.

दुसरा पर्याय म्हणजे गाडीच्या बॅटरीपासून मागच्या बंपरपर्यंत ४ किंवा ६ गेजची केबल, मध्ये रिले आणि मागे अँडरसन कनेक्टर, म्हणजे जाड केबल जोडायचा प्लग. ऑस्ट्रेलियातल्या कॅरॅव्हॅनवाल्यांकडे ५० अँपिअरचा हा कनेक्टर सर्रास दिसतो. व्होल्टेज तेराच्या वर गेला की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो, खाली आला की तोडतो. ४ गेजच्या साठ फुटांत ४० अँपिअरलाही फक्त ०.६ व्होल्ट पडतो. रिले मात्र सतत चालणारा हवा. इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टरचा सोलेनॉइड दिसायला तसाच असतो, पण तो काही सेकंदांसाठी बनवलेला असतो आणि तासाभरात जळतो.

जुनी गाडी आणि लेड-ॲसिड बॅटऱ्या असतील तर हा उत्तम आणि टिकाऊ उपाय आहे, बिघडण्यासारखं त्यात फार काही नाही. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या अनेक गाड्यांमध्ये इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचा व्होल्टेज कॉम्प्युटर खाली-वर करतो. गाडीची बॅटरी भरली की तो साडेबारापर्यंतही उतरतो. मग केबल कितीही जाड असो, चार्ज करायला वर दाबच राहत नाही आणि रिलेही जोडणी तोडतो.

लिथियमची गोष्ट उलटी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की मिळेल तेवढा प्रवाह ती ओढून घेते. ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो, प्रवाह मात्र पूर्ण वाहत असतो, आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. बारीक वायर निदान प्रवाहाला आवर घालते, जाड केबल तोही घालत नाही. लिथियम असेल तर नुसती जाड केबल आणि रिले करू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगेन.

तिसरा पर्याय, डीसी-डीसी चार्जर, मी शेवटी बसवला. ट्रेलरमध्ये बॅटरीजवळ हा डबा बसतो. समोरून १२ येवोत की १४, तो बॅटरीला तिच्या जातीप्रमाणे हवा तोच व्होल्टेज देतो आणि ठरलेल्यापेक्षा जास्त प्रवाह ओढत नाही. अल्टरनेटर सुरक्षित, बॅटरी पूर्ण भरलेली. व्हिक्ट्रॉन, रेडआर्क, रेनोजी यांचे चार्जर इथे प्रचलित आहेत, काहींमध्ये सोलर पॅनेलचा कंट्रोलरही त्याच डब्यात असतो.

पण चार्जर घेतला म्हणजे केबलचा खर्च वाचला असं समजू नका. ३० अँपिअरचा चार्जर १४.२ व्होल्टला ४२६ वॉट देतो. ते येणार कुठून? मागच्या बाजूला १२ व्होल्ट पोचत असतील तर आतला तोटा धरून चाळीसच्या आसपास अँपिअर गाडीकडून ओढले जातात. व्होल्टेज आणखी पडला तर तो आणखी ओढतो. सात पिनांच्या मूळ वायरीवर हा चार्जर लावला तर फ्यूज उडणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे प्लग तापणार. त्या वायरीवरच भागवायचं असेल तर प्रवाहाची मर्यादा खाली आणता येणारा चार्जर घ्या आणि पंधराच्या आत ठेवा. नाहीतर दुसऱ्या पर्यायातली जाड केबल इथेही टाकावीच लागते. चार्जर आणि केबल मिळून खर्च चारशे-पाचशे डॉलरपर्यंत जातो.

फरक मात्र मोठा पडतो. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी जवळजवळ रिकामी घेऊन डेन्व्हरहून निघालो तरी ३० अँपिअरने ती ग्रँड जंक्शन येईपर्यंत भरलेली असते, आणि मोॲब तिथून आणखी दोन तास दूर.

दुसरा किंवा तिसरा, कोणताही घेतलात तरी काही कामं टाळू नका. केबलच्या दोन्ही टोकांना फ्यूज हवा, बॅटरीपासून एका वितीच्या आत. मधल्या केबलचं आवरण कुठे घासून गेलं तर आग दोन्हीपैकी कुठल्याही बॅटरीकडून लागू शकते. निगेटिव्हही तेवढ्याच जाडीची वेगळी टाका; हिचच्या (ट्रेलर जोडायच्या सांध्याच्या) गंजलेल्या गोळ्यावर आणि चासीवर परतीचा प्रवाह सोपवू नका. केबलच्या टोकाला बसणारे धातूचे लग चांगल्या हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. आणि चार्जर बसवल्यावर सात पिनांची जुनी चार्ज वायर ट्रेलरच्या बॅटरीपासून सोडवा. ती राहिली तर चार्जरने वाढवलेला व्होल्टेज तिच्यातून गाडीकडे परत जातो आणि तोच प्रवाह गोल फिरत राहतो. सोडवताना ब्रेकच्या स्विचची वायर मात्र बॅटरीलाच राहू द्या.

सोलर पुरेल का, असं मला नेहमी विचारतात. उन्हाळ्यात मोकळ्या माळावर २०० वॉटचं पॅनेल दिवसाला साठ-सत्तर अँपिअर-तास देतं, आणि चार दिवस एकाच जागी राहणार असाल तर गाडीपेक्षा तेच कामाचं. पाइनच्या झाडीत किंवा नोव्हेंबरच्या तिरप्या उन्हात त्याचा भरवसा धरू नका. जनरेटर राष्ट्रीय उद्यानांत ठरावीक तासांतच लावता येतो, रात्री तर नाहीच.

काहीही विकत घेण्याआधी पाऊण तास काढा. ट्रेलर जोडा, इंजिन चालू करून अर्धा तास गाडी फिरवून आणा, फ्रिज १२ व्होल्टवर लावा, आणि इंजिन चालू असतानाच ट्रेलरच्या बॅटरीवर मल्टिमीटर धरा. १३.६ च्या वर आकडा दिसला आणि बॅटरी लेड-ॲसिड असेल, तर पैसे राखून ठेवा. १३ च्या खाली दिसला तर गाडीच्या बॅटरीवरही तोच मल्टिमीटर लावून बघा. तिथे १४ असेल तर दोष वायरीचा, तिथेही साडेबारा असेल तर दोष अल्टरनेटरच्या स्वभावाचा, आणि मग डीसी-डीसी चार्जरशिवाय दुसरा मार्ग नाही.

आमच्यासारखे डोंगरात राहणारे असाल तर एक आणखी. लिथियम बॅटरी गोठणबिंदूखाली चार्ज केली तर आतून कायमची खराब होते. थंडीत चार्जिंग तोडणारी किंवा स्वतःला गरम करणारी बॅटरी घ्या. मी ती ट्रेलरच्या तोंडावरच्या पेटीतून काढून आत पलंगाखाली बसवली, केबल त्यासाठी सहा फूट वाढली.