भवानी पेठेतील जुन्या सागवानाची वखार : एका झोपाळ्याच्या निमित्ताने

दारू सोडून आठ महिने झाले, तरी संध्याकाळी सात वाजले की हातांना काय काम द्यावे हे उमजत नसे. म्हणून झोपाळा स्वतःच करायचा ठरवून मी पुण्याच्या टिंबर मार्केटमधील, पाडलेल्या वाड्यांच्या तुळया-चौकटी विकणाऱ्या एका वखारीत गेलो. जुने सागवान पुरेपूर वाळलेले असल्याने ते नव्या लाकडाइतके आकसत नाही, आणि वखारवाल्या काकांनी घाई न करता, प्रत्येक फळी उलटीपालटी करून तिची नस दाखवली, हे विशेष सांगण्यासारखे आहे. तक्रार एकच. ‘खिळे काढलेत’ असे सांगून दिलेल्या फळीत दोन खिळे मोडून राहिले होते आणि त्यांनी माझ्या रंध्याच्या पात्याला दाते पाडले. पाते परतून धार लावण्यात पूर्ण संध्याकाळ गेली. (तीही दारूविना गेली, हे ओघाने आलेच.)

काकांनी लाखेचे पॉलिश सुचवले होते, पण लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात आणि तो वास मला घरात नको होता. कारण सांगितल्यावर त्यांनी एकही प्रश्न न विचारता उकळलेल्या जवसाच्या तेलाची बाटली पुढे केली. तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून त्या पसरून वाळवाव्यात, हेही त्यांनीच बजावले. भाव घासाघीस करूनही फारसा उतरत नाही. कड्यांसाठी मी पुढच्या शनिवारी पुन्हा तिथेच जाणार आहे.