चार महिने माउथवॉश वापरलं, आईनं गुटख्याचा आळ घेतला

गेल्या रविवारी आईनं हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडं वळवलं आणि विचारलं, "पुड्या खायलास का रे?" वय एकेचाळीस, आजवर सुपारीचं खांडही तोंडात टाकलेलं नाही. पण आमच्या लातुरात तपकिरी दात म्हणजे गुटखा, दुसरा अर्थच नाही.

करणी त्या ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या (जंतू मारणाऱ्या औषधाच्या) माउथवॉशची. सुरुवात चांगली होती, खोटं कशाला बोलू. हिरड्यांतून रक्त यायचं ते आठवड्यात थांबलं. डॉक्टरांनी १० मिली, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस लिहून दिलं होतं. पण मेडिकलवाल्यानं जास्त बाटल्यांवर सूट दिली, आणि घेतलेलं संपवायचं नाही तर काय करायचं?

आता झाकण. १० मिलीची रेघ झाकणाच्या आतून, पारदर्शक प्लास्टिकवर पारदर्शकच! मोरीतल्या उजेडात कोणाला दिसणार? महिनाभर मी झाकण भरूनच घेत होतो. जास्तीचं परत बाटलीत ओतावं तर उष्टं, बेसिनमध्ये सोडायला हात धजत नाही. २०१६ ला रेल्वेनं पाणी आलेल्या गावचे आम्ही. मग तेही तोंडात. १५० मिलीची बाटली साडेसात दिवस पुरायला हवी, माझी चौथ्या दिवशी खडखडाट. शेवटी बॅटरी लावून रेघ शोधली आणि बायकोच्या नेलपॉलिशनं बाहेरून लाल केली.

इथपर्यंत या माउथवॉशला रिव्ह्यूत एकच स्टार देणार होतो. मग खोक्यातला घडीचा कागद उलगडला. दातांवर डाग पडतात, चव बदलते, सगळं छापलेलं. दोन महिने वरण अळणी म्हणून मी घरात भांडत होतो, वरून मीठ घेत होतो. खारटपणा जिभेला कमी लागतो तो याच औषधानं! बायकोची माफी मागितली, ती अजून मंजूर व्हायची आहे.

डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस सांगितले होते, चार महिने कोणी सांगितले?" औषध दाताला तासन्‌तास धरून राहतं, म्हणून तर गुण येतो, पण चहाचा रंगही त्यावरच बसतो, आणि माझा चहा गुळणीच्या पाठोपाठ. शिवाय मी ब्रश झाल्या झाल्या गुळणी करायचो. पेस्टमध्ये फेस आणणारा जो घटक असतो तो या औषधाला निकामी करतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा लागतो. म्हणजे इतकं महागाचं औषध निम्मं फुकट गेलं. डागांपेक्षा हे जास्त लागलं.

डाग वरवरचे होते, साफ केल्यावर निघाले. नऊशे रुपये. त्याच वेळी हिरडीखालचं कीटणही निघालं. रक्ताचं मूळ तेच होतं आणि ते कुठल्याही गुळणीनं निघत नाही. मेहुणा म्हणतो निळं, झणझणीतवालं घे. त्यात अल्कोहोल, माझं तोंड आधीच कोरडं पडतं. नको.

अर्धी बाटली उरली आहे. पोरगी पाच वर्षांची, गुळणी म्हणून गिळून टाकेल, म्हणून वरच्या फळीवर ठेवली. एक्स्पायरी पुढच्या वर्षाची आहे, टाकवत नाही.