दोन चार्ज वापरल्यानंतर: दाण्यांवर बसवलेलं लायपेज

गुण: पाचपैकी चार.

क्रीम-लोशनमध्ये जाणारं मिरिस्टिल मिरिस्टेट (आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारं मेणासारखं एस्टर) आम्ही आधी टिनचा कॅटलिस्ट घालून, १८० अंशांच्या वर तापवून करायचो. एस्टर पिवळट यायचं, वासही यायचा. मग ब्लीच करा, वास काढा, गाळा. त्याला कंटाळून कॅन्डिडा अंटार्क्टिका या यीस्टचं लायपेज बी, म्हणजे एस्टर जोडणारं-तोडणारं एन्झाइम, मागवलं. हे एन्झाइम ॲक्रिलिक रेझिनच्या बारीक दाण्यांवर बसवलेलं येतं; एका वेळी भरलेल्या दाण्यांना आम्ही चार्ज म्हणतो.

पहिल्याच बॅचला मी खूश झाले. ६० अंशांना आम्ल आणि अल्कोहोल दोन्ही वितळलेले असतात, त्यामुळे सॉल्व्हंट लागतच नाही. सममोल (दोन्हींचे रेणू सारख्याच संख्येने असलेल्या) मिश्रणाची ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे उरलेल्या आम्लाचं माप, सुरुवातीला १२७ च्या आसपास असते, आम्हाला ती १ च्या खाली हवी. शेवटच्या सॅम्पलला ब्युरेटमधून पोटॅशचे (आम्ल मोजायच्या अल्कलीचे) दोनच थेंब पडले, फ्लास्क गुलाबी झाला आणि गुलाबीच राहिला, म्हणजे आम्ल जवळजवळ संपलं होतं. एस्टर पाण्यासारखं नितळ. ती बाटली मी कितीतरी वेळ उजेडात धरून बघत होते.

पण घेणाऱ्याने लेबलवरच्या ॲक्टिव्हिटी युनिटच्या आकड्यावर जाऊ नये. एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल प्रॉडक्ट, हे खरं. पण तो वेग प्रोपिल लॉरेटवर, अगदी सुरुवातीला मोजलेला असतो. आमचा वेळ जातो शेवटच्या टप्प्यात. १०० किलो मिश्रणातून चार किलो पाणी निघतं आणि तेच लायपेज त्या पाण्याने एस्टर परत तोडायला लागतं. एकदा व्हॅक्यूम नीट लागत नव्हता, ॲसिड व्हॅल्यू जागची हलेना. एन्झाइम मेलं असं समजून मी ताजे दाणे टाकले, तरी हलेना. तेव्हा उमगलं की रिॲक्शन समतोलावर अडकली आहे, जितकं एस्टर बनतंय तितकंच तुटतंय. पंप दुरुस्त करून पाणी ओढून घेतलं आणि आकडा पुन्हा उतरायला लागला. एन्झाइमला दोष देण्याआधी ही तपासणी जरूर करा.

खरी तक्रार दाण्यांच्या मजबुतीची. सहाव्या बॅचला वेळ दीडपट झाला आणि फिल्टर तुंबला. दाणे भिंगाखाली धरले तर निम्मे फुटलेले, कडेला पीठ जमलेलं. स्टररने ते अक्षरशः दळले होते. अर्धवट झालेलं मिश्रण गरम असतानाच गाळून, दाण्यांशिवाय ६० अंशांना व्हॅक्यूमखाली ठेवून पाहिलं. ॲसिड व्हॅल्यू तरीही हळूहळू उतरत राहिली. म्हणजे एन्झाइम फिल्टरमधून निसटून आमच्या मालात जात होतं. सप्लायरला दाण्यांची मजबुती आणि अर्धायुष्य (ॲक्टिव्हिटी निम्मी व्हायला लागणारा वेळ) विचारलं, तर तीच ॲक्टिव्हिटीची डेटाशीट पुन्हा आली. एक गुण कापला तो यासाठी.

दुसरा चार्ज त्याच लॉटचा, पण स्टररखाली घातलाच नाही. दाणे कॉलममध्ये भरले, मिश्रण पंपाने त्यांतून फिरवत ठेवलं आणि पाणी वेगळ्या टाकीत व्हॅक्यूमने काढलं. १०० किलो मिश्रणाला एक किलो दाणे या हिशेबाने पहिल्या चार्जने सहा बॅचमध्ये जेमतेम ५७५ किलो एस्टर दिलं. दुसऱ्याच्या बारा बॅच झाल्या, म्हणजे किलोमागे ११५० किलो, आणि बाराव्या बॅचलाही पहिलीइतकाच वेळ लागला. एन्झाइम तेच, लेबल तेच. किलो दाण्यांमागे किती किलो माल निघाला, हा एकच आकडा मी आता नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिते.

मेणासारख्या एस्टरसाठी बिनधास्त घ्या. ग्लिसरॉलचं काम असेल तर आधी छोट्या प्रमाणात करून बघा, ते दाण्यांवर चिकटून बसतं. मिथेनॉल वापरणार असाल तर एकदम ओतू नका, थोडं थोडं द्या. न विरघळलेलं मिथेनॉल या एन्झाइमला मारतं.

तेरावी बॅच आज सकाळी लावली आहे. दुपारच्या सॅम्पलला ॲसिड व्हॅल्यू ९ आली.