अँटिव्हायरस गप्प झालं की इथे फोन वाजतो

रबाळे एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. ऑफिसात सात कॉम्प्युटर, हिशेब माझ्याकडे. गेल्या वर्षी एका सोमवारी टॅली उघडेना. फायलींच्या नावांना भलतीच शेपटी लागलेली आणि घड्याळाशेजारचं अँटिव्हायरसचं चिन्ह पाच कॉम्प्युटरवरून गायब. त्याचं वर्षाचं लायसन्स महिन्याभरापूर्वीच भरलं होतं. चार महिन्यांची बिलं आम्ही डिलिव्हरी चलनं समोर ठेवून पुन्हा चढवली. त्यानंतर वाशीतल्या दोन भावांकडे कॉम्प्युटरची देखभाल दिली. त्याला आता आठ महिने झाले.

पहिल्याच भेटीत धाकट्याने झालेला प्रकार मला समजेल असा सांगितला. फायली अडवून खंडणी मागणारे हॅकर फायलींना कुलूप घालण्याआधी पहारेकऱ्याला, म्हणजे अँटिव्हायरसला, आडवा करतात. त्यासाठी चांगल्या कंपनीचा, डिजिटल सही असलेला पण आत खोट असलेला जुना ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरचा एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, सोबत आणतात. सही बघून विंडोज त्याला थेट गाभ्यात घेतं आणि तिथून अँटिव्हायरस मारता येतं. २०२० मध्ये रॉबिनहूड रॅन्समवेअरने, म्हणजे अशाच खंडणीच्या व्हायरसने, गिगाबाइट कंपनीचा ड्रायव्हर असाच वापरला होता. अशा ड्रायव्हरांची मायक्रोसॉफ्टची काळी यादी विंडोज ११ मध्ये २०२२ च्या अपडेटपासून आपोआप चालू असते. आमचे तीन कॉम्प्युटर विंडोज १० चे, तिथे ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे विंडोजमधलंच सुरक्षेचं सेटिंग चालू करून ती लागू करावी लागली.

मला पटलं ते पुढचं. प्रत्येक कॉम्प्युटरची हजेरी दर काही मिनिटांनी वाशीला जाते. “ताई, तुमच्यासमोरच बंद करतो,” म्हणत त्याने माझ्या कॉम्प्युटरवरचं संरक्षण काढलं. चहा संपायच्या आत थोरल्याचा फोन आला. पावसाळ्यात एकदा रविवारी रात्री साडेअकराला ऐरोलीत घरी फोन वाजला: डिस्पॅचच्या कॉम्प्युटरची हजेरी थांबली होती. मी वॉचमनला नेटवर्कची वायर काढायला लावली. सकाळी कळलं, यूपीएसची बॅटरी गेली होती. झोपमोड झाली, तरी मला फार हायसं वाटलं. मागच्या वेळी शनिवार रात्रीपासून सोमवारपर्यंत कुणालाच काही कळलं नव्हतं.

तक्रारी आहेत. मेमरी इंटिग्रिटीमुळे लेबल प्रिंटरचा जुना ड्रायव्हर चालेना, दोन दिवस लेबलं हाताने लिहिली. हे आधी तपासायला हवं होतं. महिन्याचा अहवाल इंग्रजीत येतो, मालकांना तो मलाच वाचून दाखवावा लागतो. महिना ४,२०० रुपये आमच्यासारख्यांना जड जातात.

पण मी ते देत राहणार, मुख्यतः बॅकअपसाठी. दोन हार्ड डिस्क आहेत. एक फक्त शनिवारी जोडायची, काम झालं की काढून मी घरी नेते. महिन्यातून एकदा धाकटा तीवरून एका रिकाम्या कॉम्प्युटरवर टॅली उभी करतो आणि मी शेजारी वही घेऊन बसते. गेल्या खेपेला बँकेची शिल्लक पैशापर्यंत जुळली.