त्याने दुसरी बाटली उघडलीच नाही

६१,३०० रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण हाच आकडा सांगायला मी महिनाभर लाजत होतो. माझ्या माशांच्या टँकच्या कामात मी एवढ्याला फसलो: ३०,००० आगाऊ आणि ३१,३०० काम झाल्यावर. दोन्ही वेळा यूपीआयने, दोन्ही वेळा पिन मीच टाकला.

मासे पाळायच्या छंदात मी नवखा नाही. आधी सहा वर्षं गोड्या पाण्याचे टँक, मग तीन वर्षं हा १५० लिटरचा खाऱ्या पाण्याचा. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आत नऊ किलो सिरॅमिकचे कृत्रिम दगड, दोन क्लाउनफिश आणि एक क्लीनर श्रिंप (कोळंबी). कोरल (प्रवाळ) एकही नाही, कारण भारतात त्याची कायदेशीर कटकट काय आहे ते मला ऐकून माहीत होतं. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २६, दर रविवारी २० लिटर पाणी बदल. वहीत नोंदी आहेत. हे सगळं एवढ्यासाठी सांगतो की ज्याला त्याला वाटतं, फसतो तो अडाणी असतो.

टँकमध्ये थोडा बदल करायचा होता. मागे लटकवलेला फिल्टर काढून खाली संप (पाणी गाळायची वेगळी टाकी) बसवायचा, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) लावायचा आणि लाइट चांगला घ्यायचा. हौशी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा माणूस भेटला. नाव लिहीत नाही, वकिलांनी तसं बजावलंय. दोन जणांनी ग्रुपवर त्याची तारीफ केली होती. ते दोघे त्याचेच होते की काय, हा प्रश्न मला आता पडतो. तेव्हा पडला नाही.

त्याने दिलेला हिशोब जसाच्या तसा देतो. स्किमर १४,५००. लाइट १८,०००. ‘पूर्ण सायकल झालेले’ लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) १२ किलो, ९०० रुपये किलोने १०,८००. कोरलचे सहा फ्रॅग (लावायचे छोटे तुकडे), ३,५०० चा एक, म्हणजे २१,०००. एकूण ६४,३००. त्यातून माझे जुने दगड तो नेणार, त्याचे ३,००० वजा. उरले ६१,३००. संप आणि पाइप फिटिंग फुकट, “आपल्या माणसाकडून काय घ्यायचं दादा.” हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याच्याकडून बिल मागा. मी मागितलं नाही.

कोरलबद्दल मी विचारलं होतं. खरंच विचारलं होतं, मेसेज अजून आहेत. “कायद्याचं काय?” तो म्हणाला, बाहेरून आलेले, शेतीत वाढवलेले, साइट्सचा (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचा) परवाना आहे, सर्टिफिकेट देतो. आणि दिलंही. शिक्का, सही, इंडोनेशियाचं नाव, सगळं होतं. मी ते फाइलला लावलं आणि निर्धास्त झालो. नीट वाचलं असतं तर दिसलं असतं की त्यावर तारीख दोन वर्षांपूर्वीची होती, आणि साइट्सच्या निर्यात परवान्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने असते. त्यावर जात युफायलिया लिहिली होती, माझ्या टँकमध्ये त्याने लावले अ‍ॅक्रोपोरा. कुणाच्या तरी जुन्या मालाच्या कागदाची झेरॉक्स होती ती. कागद बघू नका, वाचा. जात, संख्या, तारीख, आयात करणाऱ्याचं नाव. ते नाव आणि समोरचा माणूस यांचा संबंध काय, ते तोंडावर विचारा.

तो शनिवारी दुपारी तीनला आला. बरोबर एक पोरगा. मासे आणि श्रिंप एअरस्टोन लावून बादलीत ठेवले. त्याने माझी वाळू उपसली. “तीन वर्षांची वाळू म्हणजे नायट्रेटचं घर, दादा, टाका.” जुना फिल्टर काढला, त्यातला स्पंज आणि रिंगा पिशवीत भरल्या. मग माझे दगड काढायला लागला.

इथे मला थांबायचं आहे. माझ्या क्लाउनफिशची जोडी होती. मोठी ती मादी, लहान तो नर. दर दोन आठवड्यांनी मादी एका सपाट दगडावर अंडी घालायची आणि नर दिवसभर पंखांनी त्यांना वारा घालत बसायचा. त्या दिवशीही दगडावर केशरी अंडी होती. मी म्हटलं, एवढा एक राहू द्या. तो म्हणाला, “नवीन दगडावर घालतील की पुन्हा.” आणि दगड उचलून क्रेटमध्ये ठेवला. मी काही बोललो नाही. का बोललो नाही, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. ३०,००० दिलेले होते, घरभर खारं पाणी सांडलेलं होतं, आणि काम अर्धवट टाकून तो निघून गेला तर काय, ही भीती होती.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टँकमधले बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतात. ते दगडावर, वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात असतात. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, हे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. नवीन टँकमध्ये ही साखळी, म्हणजेच सायकल, बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. माझ्याकडे ती तीन वर्षं बसलेली होती. त्याने दगड, वाळू आणि फिल्टर तिन्ही एका दुपारी बाहेर काढलं. बदल एका वेळी एकच करायचा आणि मध्ये निदान तीन-चार आठवडे जाऊ द्यायचे, हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगत आलोय. पण त्याचे दगड ‘सायकल झालेले’ होते ना. सगळी मदार त्या एका शब्दावर होती.

म्हणून मी म्हटलं, मासे सोडण्याआधी अमोनिया तपासू. तेव्हा रात्रीचे पावणेदहा झाले होते. मासे साडेसहा तास बादलीत होते. माझं किट चार फुटांवर, कपाटाच्या खणात होतं. तो म्हणाला, “तुमचं जुनं असेल, माझ्याकडे नवीन आहे,” आणि त्याने स्वतःचं काढलं. नळीत पाच मिली पाणी घेतलं. बाटलीतून थेंब टाकले, मोठ्याने मोजत, एक, दोन, तीन, आठपर्यंत. नळी हलवली, उजेडात धरली. “बघा, शून्य.”

अमोनियाच्या त्या किटमध्ये दोन बाटल्या असतात. आठ थेंब पहिलीतले, आठ दुसरीतले, मग पाच मिनिटं थांबायचं. त्याने दुसरी बाटली खोक्यातून काढलीच नाही. पाच मिनिटंही थांबला नाही. हिरवा रंग यायचा प्रश्नच नव्हता. ती चाचणी मी तीन वर्षांत पन्नासदा तरी केली असेल. माझ्या डोळ्यांसमोर ती दुसरी बाटली खोक्यात उभी होती, तिचं टोपणही मला दिसत होतं. आणि मी मान डोलावली. ३१,३०० पाठवले. रात्री झोपेत अजून ते मोजणं ऐकू येतं, आठवर येऊन थांबणारं.

किट स्वतःचं. हात स्वतःचे. समोरचा कितीही घाईत असो.

पहाटे साडेपाचला हिने उठवलं, खोलीत कुजका वास येत होता. पाणी दुधाळ झालं होतं. श्रिंप तळाशी आडवी पडली होती. दोन्ही मासे पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करत होते. माझ्या किटने अमोनिया ४ पीपीएम दाखवला. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, आणि पीएच जितका वर, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. घरात तयार खारं पाणी २५ लिटरच होतं. शंभर लिटरला साडेतीन किलो मीठ लागतं, आरओचं पाणी लागतं, ते मुरायला वेळ लागतो. मादी सव्वासातला गेली. नर अकरापर्यंत तगला. टँकच्या निम्मं तरी पाणी कालवून झाकून ठेवल्याशिवाय कुठलंही काम काढू नका, कुणी कितीही खात्री देवो.

मग मी दगड फोडले. आतून काळपट, सडलेला स्पंज निघाला, आणि मेलेले शिंपले. एक-दोन दिवसांपूर्वी समुद्रातून काढलेला माल होता तो. मेलेल्या प्रवाळाचेच दगड. फ्रॅगही तसेच. वाढवलेला फ्रॅग त्याच्या बुडाच्या चकतीवर पसरत पसरत चढलेला असतो. हे तुकडे खाली छिन्नीने तोडलेले, तुटलेला पांढरा ताजा भाग दिसत होता आणि वर गोंद लावलेला होता. चार दिवसांत सहाही पांढरे पडले. लाइट १२० वॅटचा म्हणून घेतला, मीटर लावला तर ४१ वॅट खातो. स्किमर वापरलेला निघाला, खोक्यावरचा नंबर खरवडलेला होता. त्याचं आता काही वाटत नाही.

फोन केला. पहिल्या दिवशी म्हणाला, “नवीन टँकमध्ये होतं असं.” दुसऱ्या दिवशी म्हणाला, मीच जास्त खायला घातलं असेल. तिसऱ्या दिवसापासून नंबर लागत नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. समोरच्याने विचारलं, किती मासे मेले? मी सांगितलं दोन. तो शेजारच्याकडे बघून हसला. मी म्हटलं, प्रश्न ६१,३०० चा आहे. तर म्हणे आरोपी कुठे राहतो? तो राहतो ती हद्द वेगळी. त्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो, ते म्हणाले पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माल मिळाला ना? मग ही सायबर फसवणूक नाही, मालाच्या दर्जाचा वाद आहे. परत पहिल्या ठाण्यात. तिथे आता दुसरे साहेब होते, त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. दिवाणी स्वरूपाचं प्रकरण म्हणाले आणि अदखलपात्र तक्रारीचा एक कागद हातात दिला. पाच फेऱ्या, तीन अर्ध्या रजा. बँकेने दोन ओळींत संपवलं, पिन तुम्हीच टाकला आहे. हो, टाकला आहे. मला ते कुणी सांगायची गरज नाही.

एका ठिकाणी तर मला विचारलं, एवढे पैसे माशांवर घालवायची काय गरज होती? मी तक्रार द्यायला गेलो होतो. माझ्या पैशांचं मी काय करावं हे विचारायला नव्हतो गेलो.

आणि मग सगळ्यात वाईट भाग. वकिलांनी सांगितलं की प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. दगडासारखे कडक कोरल सगळे त्यात येतात, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. जवळ बाळगणं हाच गुन्हा, शिक्षा तीन ते सात वर्षं. म्हणजे फसवलं मला, आणि पुरावाही माझ्याच घरात, माझ्याच विरुद्धचा. हे लोक एवढे बिनधास्त का असतात, ते मला त्या दिवशी कळलं. गिऱ्हाईक तक्रारच करू शकत नाही, हा त्यांचा धंदा आहे.

मी तरीही वनखात्याच्या कार्यालयात गेलो. वकिलांबरोबर, लेखी अर्ज घेऊन, दगड आणि मेलेले फ्रॅग दोन क्रेटमध्ये भरून. चार तास बाकावर बसलो. पहिला प्रश्न, “हे तुमच्याकडे कसं आलं?” दुसरा, “तुम्हाला माहीत नव्हतं?” त्याचा नंबर, मेसेज, पैसे गेल्याच्या पावत्या, सगळं पुढे केलं. जबाब माझा झाला, पंचनामा माझ्या मालाचा झाला. त्याचं काय, विचारलं तर चौकशी चालू आहे. दोन महिने झाले. त्या दगडांसाठी समुद्रात कुणीतरी छिन्नी चालवली, मन्नारच्या आखातात की आणखी कुठे, त्याचा माग माझ्या क्रेटपासून निघाला असता. कुणी उचललाही नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी तीन दिवस त्याचा फोन लागतो का बघत बसलो. बिल असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जा, पाच लाखांपर्यंत फी नाही. माझ्याकडे बिल नाही, आणि तो माणूस दुकानदार आहे हे सिद्ध करण्यापासून माझी सुरुवात आहे. पैसे पाठवताना ‘कशासाठी’ या रकान्यात वस्तूचं नाव टाका. मी ‘थँक्स’ लिहिलं होतं.

गेल्या मंगळवारी एका मित्राने फोटो पाठवला. दुसऱ्या नावाने, दुसऱ्या ग्रुपवर, ‘तीन वर्षं चाललेल्या टँकमधले दगड, ९ किलो, किलोला १,१००’. म्हणजे माझ्याकडून ३,००० ला नेलेले ९,९०० ला. फोटोत सगळ्यात पुढे तो सपाट दगड आहे. अंडी जिथे होती तिथला गोल डाग अजून दिसतो. फोटोची प्रिंट काढून अर्जाला जोडली आहे. उद्या सहावी फेरी.