आडनावाचा नकाशा: फुकट बघा, फ्रेम करू नका

आडनाव टाकलं की ते जगात किती जणांचं आहे, कुठल्या देशात जास्त आहे आणि मूळ कुठलं, हे सांगणाऱ्या साइट आता बऱ्याच झाल्या आहेत. फुकट भागात आकडा, क्रमांक आणि रंगवलेला नकाशा मिळतो. पैसे भरले की ‘घराण्याचा इतिहास’, प्रमाणपत्र आणि ढालीवर सिंह काढलेलं मानचिन्ह. हे कागद मोठे छापून, काच लावून वास्तुशांतीला भेट देणारेही आहेत. निकाल आधीच सांगतो: फुकट भागाला पाचपैकी दोन, विकतच्याला शून्य.

परीक्षा घ्यायची तर जाधव किंवा पाटील टाकून काही कळत नाही. आकडा दणदणीत येतो, महाराष्ट्र लाल होतो आणि सगळं पटतं. त्यापेक्षा पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रिया या देशातलं एखादं ‘दुर्मिळ आडनाव’ टाकून बघा. साइट नक्की काय मोजते हे पाच मिनिटांत उघडं पडतं.

साताऱ्यात हाफ मॅरेथॉनचं वेड आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. झेरसेनाय तादेसे हा एरिट्रियाचा धावपटू. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ, त्याच्या देशाचं पहिलं ऑलिंपिक पदक. २०१० ला लिस्बनमध्ये हाफ मॅरेथॉन ५८ मिनिटं २३ सेकंदांत, तेव्हाचा विश्वविक्रम. त्याचा भाऊ किदाने तादेसे, तोही लांब पल्ल्याचा धावपटू. साइटच्या लेखी ‘तादेसे’ हे आडनाव. प्रत्यक्षात ते त्यांच्या वडिलांचं नाव. आजोबांचं नाव हब्तेसिलासे, म्हणून पूर्ण नाव झेरसेनाय तादेसे हब्तेसिलासे. आपलं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव, आणि संपलं. चौथा रकाना नाहीच. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही, कारण बदलायला घराण्याचं नावच नसतं.

आता हिशेब बघा. या रीतीने झेरसेनायच्या मुलांच्या नावामागे ‘झेरसेनाय’ लागणार आणि किदानेच्या मुलांच्या नावामागे ‘किदाने’. सख्खी चुलत भावंडं, आणि साइटवर दोन निराळी आडनावं. उलट असमारा या तिथल्या राजधानीतले शंभर तादेसे एकमेकांचे कोणी लागत नसले तरी एकाच आकड्यात बसतात. म्हणजे ‘या आडनावाची इतकी माणसं’ याचा खरा अर्थ एवढाच की इतक्या जणांच्या बापाचं नाव ते आहे. आपल्याकडे ‘सखाराम’ बाप असलेले सगळे एकत्र मोजून त्याला घराणं म्हणण्यातलाच हा प्रकार. कोरोनाच्या बातम्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांना ‘डॉ. टेड्रोस’ म्हणत, ते सलगीने नव्हे. टेड्रोस अधानोम गेब्रेयेसुस यांचा जन्म असमाराचा, आणि त्या मुलखात माणसाला त्याच्या स्वतःच्याच नावाने हाक मारायची पद्धत आहे.

मग दुर्मिळ म्हणजे काय? इथे गोम स्पेलिंगची आहे. एरिट्रियातली तिग्रिन्या भाषा गीझ लिपीत लिहितात आणि ती रोमनमध्ये उतरवायचा एकच ठरलेला नियम नाही. १८९० ते १९४१ इटलीचं राज्य होतं, त्यामुळे ‘ग’ साठी इटालियन वळणाने जी-एच लिहिणारे आहेत आणि साधा जी लिहिणारेही. २०१५ ला बीजिंगमध्ये मॅरेथॉनचं जगज्जेतेपद जिंकणारा गिरमाय गेब्रेस्लासी आपलं पहिलं नाव जी-एचने लिहितो. २०२४ च्या टूर द फ्रान्समध्ये हिरवी जर्सी मिळवणारा सायकलपटू बिनियाम गिरमाय तेच नाव साध्या जीने लिहितो, आणि त्याच्याकडे ते बापाचं नाव आहे. साइटवर एक गिरमाय पहिल्या नावांत, दुसरा आडनावांत, दोन्हींचे आकडे वेगळे.

जोडनावांत तर आणखी गोंधळ. २०१५ च्या टूरमध्ये डोंगरचढाईची ठिपक्यांची जर्सी घालणाऱ्या डॅनियल तेक्लेहायमानोतचं ‘आडनाव’ घ्या. तेक्ले हायमानोत हे तेराव्या शतकातले संत, इथिओपिया आणि एरिट्रियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मोठे मानलेले. संतांवरून मुलांची नावं ठेवायची रीत तिथेही आहे. पण हे नाव कोणी एका शब्दात लिहितं, कोणी दोन शब्दांत, कोणी मधे आय, कोणी वाय. दोन शब्दांत लिहिलं की संगणक पहिला तुकडा बाजूला काढून फक्त ‘हायमानोत’ला आडनाव ठरवतो. प्रत्येक तऱ्हेच्या वाट्याला थोडी थोडी माणसं येतात आणि चारही पानांवर ‘अतिदुर्मिळ’ असा शिक्का बसतो.

आकडा येतो कुठून, हाही प्रश्न आहे. एरिट्रिया १९९३ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हापासून तिथे पूर्ण जनगणना झालेली नाही. म्हणून या साइटचा माल मुख्यतः बाहेरचा: जर्मनी, स्वीडन, अमेरिका इथल्या फोनच्या याद्या आणि असेच सार्वजनिक कागद. तिकडच्या फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना सक्तीचा, म्हणून बापाचं किंवा आजोबाचं नाव तिथे कायमचं थिजतं आणि पुढच्या पिढीपासून खरोखरचं आडनाव बनतं. त्यामुळे नकाशावर युरोप गडद आणि एरिट्रिया फिका दिसला तर तो यादी कुठे मिळाली याचा रंग समजावा.

तिथल्या माणसाला कूळ विचारायचं असेल तर नावात शोधून काही हाती लागत नाही. पठारावरच्या तिग्रिन्या गावांत मूळपुरुषावरून ओळखली जाणारी ‘एन्दा’ असते, गावातली जमीनही परंपरेने अशा नात्यांवर बांधलेली. आपली भावकी म्हणा. गाव कुठलं आणि एन्दा कुठली, हे विचारणारा एकही रकाना या साइटवर नाही.

आता हीच साइट माण तालुक्यावर चालवा. माने, गोरे, पोळ ही तिकडची घरोघरची आडनावं. रोमनमध्ये ‘माने’ लिहिलं की सेनेगलचा फुटबॉलपटू सादियो माने आणि त्याच्या मुलखातली माणसं म्हसवडच्या मान्यांत मिसळतात, कारण अक्षरावरची खूण काढली की दोन्ही सारखेच. ‘गोरे’त इंग्लंड-अमेरिकेतले गोर येऊन बसतात. ‘पोळ’ आणि ‘पोल’ एकच होतात आणि त्यात युरोपातलेही पोल शिरतात. ‘काटे’ टाकलं तर काय होईल ते सांगायला नको. ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त, ड आणि द या जोड्या रोमनमध्ये विरघळतात, म्हणून काळे आणि काले वेगळे काढताच येत नाहीत. याच्या उलट भोसले. एकाच घरात आधारवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, दहावीच्या दाखल्यावर मधला ए गायब. ही माणसं तीन पानांवर वाटली जातात. चव्हाणांचंही तसंच, शिवाय उत्तरेतले चौहान शेजारी उभे असतात.

फुकट भाग वापरायचाच असेल तर तो असा वापरा. आधी घरातले सगळे जुने-नवे कागद काढून आडनावाची जेवढी स्पेलिंगं सापडतील तेवढी एका कागदावर उतरवा, चार-पाच तरी निघतात. प्रत्येक वेगळी टाका. जगाचा आकडा सोडून फक्त भारताचा, आणि मिळत असेल तर महाराष्ट्राचा आकडा उचला आणि त्यांची बेरीज करा. शेवटचे अंक सोडून द्या. हे आकडे नमुन्यावरून फुगवलेले अंदाज असतात, ३,४७२ असं नेमकं छापलं म्हणून कोणी दारोदार मोजलेलं नसतं. आपली जनगणना आडनावनिहाय आकडे प्रसिद्ध करत नाही, तेव्हा ‘जनगणनेनुसार’ असं कुठे लिहिलेलं दिसलं की ते पान बंद केलेलं बरं. यातून निघतं ते एवढंच: आडनाव शेकड्यांत आहे, हजारांत आहे की लाखांत. तेवढ्याला पाचपैकी दोन.

‘मूळ’ या मथळ्याखालचा मजकूर मात्र वाचूच नका. नकाशावर जिथे गर्दी तिथलं मूळ, असं सरळ गणित तिथे असतं, आणि ‘कर’ लावलेल्या आडनावांत ते उलटं पडतं. कराडात राहणाऱ्याला कराडकर म्हणायची गरज कोणाला पडते? गाव सोडल्यावर ते नाव चिकटतं. म्हणून कराडकर, तासगावकर, वाईकर शोधले की नकाशा पुण्या-मुंबईला लाल होतो आणि साइट मूळ पुणे सांगून मोकळी होते. फलटणचे निंबाळकर फलटणजवळच्या निंबळकवरून, त्याआधीचं आडनाव पवार. जतचे डफळे डफळापूरवरून, त्याआधी चव्हाण. पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले ही तर कामाची नावं. सांगली जिल्ह्यात पाटील मराठा आहेत, जैन आहेत, लिंगायत आहेत; त्यांना जोडणारी गोष्ट रक्ताची नाही, गावच्या पाटिलकीची. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, पाटिलकी १९६२ च्या, आडनावं मात्र राहिली. पाटलांची एकूण संख्या काढून एक घराणं म्हणून फ्रेम करणं म्हणजे सगळ्या तलाठ्यांना भाऊ ठरवण्यासारखं आहे.

खरा प्रसार मोजायचा तर मतदार यादी. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघ आणि यादी भाग निवडून पीडीएफ मिळते, मराठीत, म्हणजे ळ आणि ल शाबूत. एका गावाचे दोन-तीन भाग असतात. बऱ्याच फायली चित्राच्या स्वरूपात असल्याने शोधायला टाइप केलं तर काही सापडत नाही, डोळ्यांनीच वाचावी लागते. मोजताना बायकांची नावं वेगळी ठेवा, कारण आपल्याकडे सासरचं आडनाव लागतं आणि कुळाचा आकडा जवळजवळ दुप्पट दिसतो. एरिट्रियाच्या बाबतीत ही अडचण येत नाही, आपल्याकडे हमखास येते. घर क्रमांकाच्या रकान्यावर खेड्यात विसंबू नका; वडिलांच्या नावावरून भाऊ-भाऊ जुळवत घरं मोजा.

मागे जायचं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद. अर्जात गाव आणि साल लिहा. नुसतं आडनाव लिहिलं तर अर्ज परत येतो, कारण दप्तर गाववार लावलेलं असतं. जुनी पानं मोडीत आहेत, वाचणारा आधी गाठा. आणि गंमत पुढेच आहे: त्या पानांवर बहुतेक ठिकाणी ‘राणू बिन सखाराम’, म्हणजे सखारामाचा मुलगा राणू, एवढंच असतं, आडनाव लिहिलेलं नसतं. म्हणजे थेट असमाराची रीत. तेव्हा पणजोबाचं आणि त्याच्या बापाचं नाव माहीत नसेल तर ओळच सापडत नाही. जिल्ह्याच्या नावातही घोटाळा होतो. तासगाव किंवा वाळव्याचा जुना दाखला ‘जिल्हा सातारा’ म्हणतो. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. आटपाडी औंध संस्थानात, जत डफळ्यांकडे, त्यामुळे तिथलं जुनं दप्तर आणखी निराळं. कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामानंतर जुन्या नोंदी मोठ्या प्रमाणावर तपासल्या गेल्या, तेव्हा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आपल्या गावाच्या प्रती आहेत का ते आधी बघा, हेलपाटा वाचेल.

आणि सांगली पट्ट्यात हेळवी आहे. सुगीनंतर येतो, चोपडी उघडतो, घराण्यातल्या पिढ्या आणि कोण कुठल्या गावाला गेलं ते म्हणून दाखवतो. धान्य, कपडा, रोख जे द्यायचं ते द्या, पण म्हणताना मोबाइलवर आवाज भरून घ्या आणि नवी नावं त्याच्या चोपडीत घालून घ्या. तोही अधूनमधून घराणं थोडं उंच नेऊन ठेवतो, तेवढं वजा करायचं. पंढरपूर, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही पूर्वजांच्या सह्या मिळतात. तिथे आधी गाव सांगायचं, मग आडनाव.

राहिलं मानचिन्ह. ढाल आणि सिंह ही युरोपातल्या सरदारांची चाल, आणि तिथेही ती माणसाला किंवा घराण्याला मिळालेली असते, त्या आडनावाच्या प्रत्येकाला नाही. एरिट्रियन नावाला ती चिकटवणं जेवढं हास्यास्पद, तेवढंच मोहित्यांना. तरी कोणी हौसेने पैसे भरणारच असेल तर दोन गोष्टी बघून घ्या. ‘पहिला महिना मोफत’ म्हणून कार्डाचा नंबर मागितला असेल तर वर्गणी आपोआप पुढे चालू राहते. ती सेटिंगमध्ये जाऊन त्याच दिवशी बंद करावी लागते, ॲप काढून टाकल्याने बंद होत नाही. आणि वंशवृक्ष भरताना हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव टाकू नका. बँकेच्या फोनवर ओळख पटवायला तेच विचारतात.