नवीन बुकिंग की रिसेल फ्लॅट? कागदपत्रांच्या बाजूने बघितलं तर

मावसभावाला घर घ्यायचंय आणि गेले तीन महिने आमच्या फॅमिली ग्रुपवर दुसरा विषयच नाही. ऑप्शन दोन. एक पुनावळ्यात नवीन टॉवर, अकरावा मजला, पझेशन अडीच वर्षांनी. दुसरा कोथरूडला 2006 सालच्या बिल्डिंगमधला जुना टूबीएचके, लिफ्ट कुरकुरते पण खिडकीत आंब्याचं झाड आहे. किंमत दोन्हीकडे 80 लाखाच्या आसपास. बाकी सगळे लोकेशन आणि टाइल्सवर भांडतायत, मी फक्त कागद बघतोय. वकील नाही मी, पण स्वतःच्या घराच्या वेळी सब रजिस्ट्रार ऑफिसला इतक्या चकरा मारल्यात की थोडं कळायला लागलंय.

मला दिसलेला फरक असा की नव्या फ्लॅटमध्ये बिल्डर पुढे काय करणार हा प्रश्न असतो आणि रिसेलमध्ये आधीच्या लोकांनी मागे काय करून ठेवलंय हा. पुढच्यासाठी रेरा म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणारा कायदा आहे. मागचं मात्र तुम्हालाच उकरून काढावं लागतं.

आधी पुनावळं. महारेरा म्हणजे हा कायदा राबवणारी राज्याची संस्था, तिच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकला की मंजूर प्लॅन, जमिनीवर कर्ज किंवा कोर्टकेस आहे का, पझेशनची तारीख किती वेळा पुढे ढकललीय हे सगळं घरबसल्या दिसतं, आणि सॅम्पल फ्लॅट बघायला जायच्या आधीच हे बघावं, कारण एकदा तो मॉड्युलर किचन पाहिला की बायकोसमोर कोर्टकेसचा विषय काढता येत नाही. इथला सेल्सवाला म्हणाला आधी 20 टक्के भरा मग अ‍ॅग्रीमेंट करू. हे चालत नाही. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर पैसे घेताच येत नाहीत असं रेरात स्पष्ट आहे, तसं सांगितल्यावर साहेब लगेच "बघतो सरांशी बोलून" वर आले. शिवाय गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, किंमत कार्पेट एरियावर (घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर) सांगायची, पझेशननंतर 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा, हे सगळं आहे. पझेशन लांबलं तर पैसे व्याजासकट परत मागता येतात किंवा घर हवंच असेल तर तितक्या महिन्यांचं व्याज मागता येतं, आपल्याकडे स्टेट बँकेचा एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधार व्याजदर) अधिक 2 टक्के. पण महारेराची ऑर्डर हातात पडणं आणि पैसे खात्यात पडणं यात बरंच अंतर असतं, बिल्डरने दिले नाहीत तर वसुली कलेक्टर ऑफिसमार्फत होते आणि तोवर भाडं आणि हप्ता दोन्ही आपल्याच खिशातून.

कोथरूडला यातलं काहीच नाही. दोन माणसांमधल्या रिसेलला रेरा लागूच होत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इथे साखळी बघायची, म्हणजे बिल्डरने पहिल्याला विकला त्याचं अ‍ॅग्रीमेंट, त्याने दुसऱ्याला विकला ते, प्रत्येकाचा इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा), आणि वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल. आमच्या केसमध्ये 2006 चं ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट हरवलंय. त्याने डील मोडत नाही, पोलिसात गहाळ झाल्याची तक्रार, पेपरात नोटीस आणि सब रजिस्ट्रारकडून सर्टिफाइड कॉपी एवढं करावं लागतं, फक्त ते विकणाऱ्याने करून द्यायचं, आपण नाही.

खरी गाठ दुसरीच निघाली. फ्लॅट 2014 ला विकणाऱ्याच्या वडिलांनी घेतलेला. ते गेले, मृत्युपत्र नाही, आई नॉमिनी होती म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव चढवलं आणि घरच्यांना वाटलं झालं, आता आईची सही घेतली की विकायला मोकळे. नॉमिनी म्हणजे मालक नाही हो! सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा एवढ्यापुरतं ते नाव, मालकी सगळ्या वारसांची. इथे आई, हे विकणारे दादा आणि दोन लग्न झालेल्या बहिणी. बहिणी फोनवर म्हणतात आमचं काही म्हणणं नाही, आणि म्हणणं नसेलही, पण उद्या जावयाचं असू शकतं. त्यामुळे एकतर चौघांनी सेल डीडवर सह्या करायच्या नाहीतर बहिणींनी आधी रजिस्टर्ड हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा कागद) करून द्यायचं. एजंट म्हणतो बँकेने लोन मंजूर केलं म्हणजे क्लिअर. बँक स्वतःच्या पैशापुरतं बघते, तिच्या भरवशावर आपल्या वकिलाची फी वाचवू नका.

मग सोसायटी. कमिटीवाल्यांनी ट्रान्सफरसाठी दीड लाख "डोनेशन" सांगितलं. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा 25 हजार आहे आणि त्याच्या वर डोनेशनच्या नावाने पण घेता येत नाही. थकबाकी नसल्याचं पत्र मात्र घ्याच, नाहीतर आधीच्याचा मेंटेनन्स तुमच्या गळ्यात. आणि कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालंय का विचारा, प्रॉपर्टी कार्डवर (जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर) सोसायटीचं नाव नसून अजून मूळ जमीनमालकाचंच असेल तर रिडेव्हलपमेंटच्या वेळी घोळ होतो. डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डर किंवा जमीनमालक करून देत नसेल तर सरकारी ऑफिसकडून करून घ्यायचा, रस्ता आहे पण तो तुम्हाला चालावा लागेल. इथे सुदैवाने झालंय, ओसी (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) पण आहे.

पार्किंगचं थोडक्यात. नव्याकडे कव्हर्ड पार्किंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, ओपन पार्किंग बिल्डरला विकताच येत नाही. जुन्याकडे "पार्किंगसकट" हा शब्द विकणाऱ्याचा असतो, सोसायटीच्या रेकॉर्डला काय आहे ते बघा.

आता पैसे. नव्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 80 लाखावर सरळ 4 लाख. (1 टक्केवाला रेट 45 लाखापर्यंतच्या छोट्या घरांना.) रिसेलवर जीएसटी नाही, आणि नवीन असूनही बुकिंगच्या आधीच कम्प्लीशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालं असेल तर त्यावरही नाही. स्टॅम्प ड्युटी दोन्हीकडे 7 टक्के, पुरुषाचं नाव नसेल आणि फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 6, नवरा-बायको जॉइंट घेतलं की ही सवलत गेली. रजिस्ट्रेशन 30 हजार. 50 लाख किंवा वर असल्यामुळे 1 टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या रकमेतून आधीच कापायचा इन्कम टॅक्स) कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, रिसेलमध्ये हे हमखास विसरतात आणि मग नोटीस येते. विकणारा परदेशात राहणारा असेल तर टीडीएसचं गणितच वेगळं, तेव्हा सीएला विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

माझं मत विचाराल तर ज्याला भाडं आणि हप्ता दोन्ही झेपतं आणि साइटवर तारखा पुढे गेलेल्या दिसत नाहीत त्याने नवीन घ्यावं. भावाला झेपणारं नाही, म्हणून मी कोथरूडच्या बाजूने, पण बहिणींचं हक्कसोडपत्र आधी. सध्या टोकन 51 हजार दिलंय, चेकने, आणि हक्कसोड झालं नाही तर पैसे परत असं लिहून घेऊन. धाकटी बहीण नाशिकला असते, ती सोमवारी येतेय.